समोरून एक्झी, मागून झिप

आजचा भाग इतिहासाचा आहे, आणि इतिहास आहे एका फाइलीचा. विंडोजवर जिच्या नावाच्या शेवटी डॉट एक्झी असतं, ती फाइल. सुरुवात मात्र माझ्या मामांच्या दुकानातून करतो, कारण मला हा विषय कळला तो तिथेच.

२०२१ सालची गोष्ट. मामांचं तासगावात कृषी सेवा केंद्र आहे. खतं, औषधं, बियाणं आणि द्राक्षपट्टा असल्यामुळे ठिबकच्या नळ्या, ड्रिपर, फिल्टर असा सगळा माल. बिलाचं सॉफ्टवेअर रोजच्या विक्रीची एक सीएसव्ही फाइल काढून द्यायचं आणि मामा रात्री जेवून बसले की ती स्टॉकच्या वहीशी ताडून बघायचे. दीड-दोन तास जायचे. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो, काम घरूनच चालू, अंगात जोर. दोन शनिवारांत पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. तिला फाइल दिली की कुठला माल कमी पडतोय, कुठल्या बिलावर किती कर बसतोय, सगळं एका एक्सेल शीटमध्ये तयार.

माझ्या लॅपटॉपवर झकास चालली. फोल्डर झिप करून मामांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"आरं, दाबलं की कशात उघडू म्हणून विचारतंय. नोटपॅड म्हटलं तर सगळं इंग्लिशच आलं."

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या कॉम्प्युटरवर पायथनच नव्हतं. स्क्रिप्ट म्हणजे नुसती कागदावर लिहिलेली कृती. ती वाचून प्रत्यक्ष स्वयंपाक करणारा आचारी म्हणजे इंटरप्रिटर, आणि त्याला लागणारा मसाल्याचा डबा म्हणजे मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले कोडचे भाग. मी मामांना कृतीचा कागद पाठवला होता आणि जेवण का येत नाही म्हणून वाट बघत होतो.

मग उपाय काय? आचारी, मसाला आणि कृती, तिन्ही एकाच टेम्पोत भरून पाठवायचं. पायथनमध्ये हे काम करणारं साधन आहे पायइन्स्टॉलर. एक कमांड, एक एक्झी. पाठवली. मामांच्या विंडोज ७ वर ती उघडेचना, कुठली तरी डीएलएल सापडत नाही म्हणे. शोधलं तेव्हा कळलं की पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधारच काढून टाकलाय. मग पायथन ३.८ घालून पुन्हा बांधली. आता ती चालली, पण एकदाच. दुसऱ्या दिवशी ॲन्टिव्हायरसने व्हायरस समजून उडवून टाकली. शेवटी रविवारी एसटीने तासगाव गाठलं, त्या फाइलीला ॲन्टिव्हायरसमधून सूट दिली आणि मामांच्या डेस्कटॉपवर एक आयकॉन ठेवून आलो.

येताना गाडीत एकच प्रश्न डोक्यात. इतक्या साध्या गोष्टीला इतकी वळणं का? आणि आचाऱ्यासकट जेवण पाठवायची ही कल्पना पहिल्यांदा आली कोणाला?

चला, जरा मागे जाऊ.

आज आपण ज्यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतो, त्यातल्या बऱ्याच साधारण सहा वर्षांत जन्मल्या. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल आली. १९८८ च्या सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात जॉन ओस्टरहाउट यांनी टीसीएल लिहिली. १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी पायथन जगासमोर ठेवली. १९९३ मध्ये रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात लुआ तयार झाली. या बहुतेकींचं घर युनिक्स. तिथे मशीन विद्यापीठाचं किंवा प्रयोगशाळेचं असायचं, एकदा कोणी इंटरप्रिटर बसवला की सगळ्यांचं काम भागायचं. स्क्रिप्ट दुसऱ्याला देणं म्हणजे शेजारच्या टेबलावर कागद सरकवणं.

अडचण आली ती प्रोग्राम घराघरांतल्या कॉम्प्युटरवर न्यायची वेळ आली तेव्हा. तिथे आचारी नव्हता आणि तो बसवणाराही कोणी नव्हता.

पायथनवाल्यांचं पहिलं उत्तर होतं 'फ्रीझ'. पायथन तुमची स्क्रिप्ट आधी बाइटकोडमध्ये बदलतं, म्हणजे इंटरप्रिटरला पटकन वाचता येईल अशा आकड्यांच्या रांगेत. फ्रीझ काय करायचं, तर तुमच्या स्क्रिप्टचा आणि तिला लागणाऱ्या सगळ्या मॉड्यूलांचा बाइटकोड घेऊन त्याचे सी भाषेतले मोठमोठे ॲरे बनवायचं. मग ते सी कंपायलरमधून काढायचे, इंटरप्रिटरच्या कोडला जोडायचे, की झाली एक सलग फाइल तयार. कल्पना इतकी पक्की होती की ती आजही जिवंत आहे. २०२२ मध्ये आलेल्या पायथन ३.११ मध्ये सुरुवातीला लागणारी मॉड्यूलं अशीच गोठवून आत ठेवलेली आहेत, म्हणून ते लवकर सुरू होतं.

पण फ्रीझला सी कंपायलर लागायचा. युनिक्सवर तो असायचाच. विंडोजवर काम करणाऱ्या साध्या प्रोग्रामरकडे तो असेलच असं नाही. म्हणजे डबा बंद करायला आधी कारखाना टाका!

यातून सुटायची वाट खरं तर १९८९ पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेली होती. तीसुद्धा भलत्याच कामासाठी बनवलेली.

आता नीट ऐका, कारण आजच्या भागाचा जीव इथे आहे.

विंडोजची कुठलीही एक्झी फाइल कच्च्या रूपात उघडून बघा. पहिली दोन अक्षरं दिसतील एम आणि झेड. ही मायक्रोसॉफ्टमधले मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. डॉसच्या काळात एक्झीची रचना ठरवताना ती तिथे आली आणि आजवर तिथेच आहेत. आता एखादी झिप फाइल उघडा. पहिली अक्षरं पी आणि के. ही फिल कॅट्झ यांची. अमेरिकेतल्या मिलवॉकीचा हा प्रोग्रामर. दुसऱ्या एका कंपनीच्या फॉरमॅटवरून त्याच्यावर १९८८ मध्ये खटला झाला, तो मिटवून त्याने १९८९ मध्ये स्वतःचा नवा फॉरमॅट आणला, झिप. आणि त्याची रचना सगळ्यांना वापरायला खुली करून टाकली. कॅट्झ २००० साली अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. त्याची दोन अक्षरं मात्र तुमच्या खिशात आहेत: अँड्रॉइडची प्रत्येक एपीके फाइल ही आतून झिपच असते.

आता गंमत बघा. एक्झी वाचली जाते समोरून. ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या पानापासून सुरू करते, आपल्याला किती मजकूर लागणार ते तिथेच कळतं, आणि त्यापुढे फाइलीत काय चिकटवलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. झिप वाचली जाते मागून. तिची अनुक्रमणिका शेवटी असते. झिप उघडणारा प्रोग्राम आधी फाइलीच्या शेपटाकडे जातो, तिथून अनुक्रमणिका गाठतो आणि मग हवी ती वस्तू बाहेर काढतो. तिच्या पुढे आणखी काही मजकूर असला तरी बहुतेक प्रोग्राम तो ओलांडून जातात.

मग एका एक्झीच्या मागे झिप चिकटवली तर? एकच फाइल, समोरून बघणाऱ्याला एक्झी, मागून बघणाऱ्याला झिप. दोघंही खूश, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

खोटं वाटत असेल तर बालाट्रो आठवा. पत्त्यांचा तो गेम, २०२४ मध्ये आला आणि अनेकांच्या रात्री खाऊन गेला. तो लुआ भाषेत, लव्ह नावाच्या गेम इंजिनवर लिहिलेला आहे. त्याची विंडोजवरची एक्झी सेव्हन-झिपमध्ये उघडली तर आत लुआच्या फाइली सरळ दिसतात. मॉड बनवणारी पोरं तिथूनच सुरुवात करतात. लव्हमध्ये गेम बांधायची पद्धतही अशीच सरळ आहे: गेमच्या सगळ्या फाइलींची झिप करायची आणि विंडोजच्या साध्या कॉपी कमांडने ती इंजिनच्या एक्झीच्या मागे जोडायची. कंपायलर नको, कारखाना नको. डिंक लावल्यासारखं.

ही युक्ती आधी वापरली गेली ती आपोआप उलगडणाऱ्या झिप फाइलींसाठी. पण २००० ते २००३ या चार वर्षांत तीन वेगवेगळ्या भाषांची माणसं, आपापल्या वाटेने, जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचली.

टीसीएलमध्ये नेदरलँड्सचे जाँ-क्लोद विपलर यांनी टीसीएलकिट बनवलं. इंटरप्रिटर, खिडक्या-बटणांची लायब्ररी आणि एक छोटा डेटाबेस, सगळं एका फाइलीत. मग ते आणि ऑस्ट्रेलियातले स्टीव्ह लँडर्स यांनी २००२ च्या सुमारास स्टारकिट आणि स्टारपॅक आणले. प्रोग्राम एका फाइलीत भरला की स्टारकिट, त्यालाच इंटरप्रिटर जोडला की स्टारपॅक. यातली खरी हुशारी पुढे होती. टीसीएल ८.४ मध्ये आभासी फाइल सिस्टिमची सोय आली होती, त्यामुळे प्रोग्रामला वाटायचं आपण नेहमीच्या फोल्डरमधूनच फाइली वाचतोय. प्रत्यक्षात तो स्वतःच्याच पोटातून वाचत असायचा. २०२४ मध्ये आलेल्या टीसीएल ९.० मध्ये ही सोय झिपसकट भाषेतच येऊन बसली.

पर्लमध्ये २००२ साली पीएआर आलं. जावाच्या जार फाइलींवरून सुचलेलं. जार म्हणजे पुन्हा झिपच बरं का. ते लिहिणाऱ्या व्यक्तीचं वय तेव्हा २१, राहायला तैवानमध्ये, नाव ऑड्री टँग. हे नाव तुम्ही वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. त्या २०१६ मध्ये तैवानच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि २०२२ मध्ये तिथल्या डिजिटल मंत्रालयाच्या पहिल्या मंत्री झाल्या.

आणि पायथनमध्ये जेम्स अहलस्ट्रॉम यांनी २००१ मध्ये प्रस्ताव मांडला की मॉड्यूल थेट झिप फाइलीतून वाचता आलं पाहिजे. पुढच्या वर्षी गिडोंचे धाकटे भाऊ युस्ट व्हान रॉसम आणि पॉल मूर यांनी 'मॉड्यूल कुठून आणायचं' हा निर्णयच बाहेरून बदलता येईल अशी सोय मांडली. २००३ च्या पायथन २.३ मध्ये दोन्ही आलं. त्याच काळात थॉमस हेलर यांचं पायटूएक्झी आणि गॉर्डन मॅकमिलन यांचं इन्स्टॉलर वापरात होतं. दोघांची पद्धत तीच: आधीच तयार असलेली एक छोटी एक्झी घ्यायची, मागे सामान जोडायचं. पुढे मॅकमिलन यांचं काम इतरांनी उचललं आणि तेच आजचं पायइन्स्टॉलर.

आता वाटेल, झालं की मग! सुटला प्रश्न. पण दोन खडे शिल्लक होते, आणि ते आजही आहेत.

पहिला खडा: टेम्पोत काय काय भरायचं? स्क्रिप्ट वाचून कुठली मॉड्यूलं लागतील याची यादी काढता येते, पण ती पूर्ण असेल याची खात्री नाही. कारण स्क्रिप्ट चालता चालता मॉड्यूलचं नाव ठरवू शकते. 'सेटिंगमध्ये जे लिहिलंय ते मॉड्यूल उघड' असं म्हटलं, की यादी काढणाऱ्याने काय करायचं? पाहुणे आल्यावर मेनू ठरणार असेल तर आचारी कुठला मसाला बरोबर घेईल? ऑड्री टँग यांनी पर्लसाठी ही यादी काढणारं वेगळं साधनच लिहिलं. पायइन्स्टॉलरमध्ये प्रसिद्ध लायब्रऱ्यांच्या अशा सवयी माणसांनी एकेक करून नोंदवून ठेवल्यात. म्हणजे बरंचसं काम अजूनही अनुभवावर चालतं.

दुसरा खडा: डीएलएल. पायथनचं साधं मॉड्यूल मेमरीतून वाचता येतं. पण सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली लायब्ररी विंडोजच्या ताब्यात द्यावी लागते, आणि विंडोज म्हणतं, मला डिस्कवर खरी फाइल दाखव. मग एका फाइलीचा प्रोग्राम काय करतो? दर वेळी सुरू होताना गुपचूप टेंप फोल्डरमध्ये आपलं सामान मांडतो, काम करतो आणि जाताना आवरून जातो. म्हणून तो उघडायला वेळ लागतो. पायइन्स्टॉलरचा असा प्रोग्राम चालू असताना टेंप फोल्डर उघडून बघा. एम ई आय या अक्षरांनी सुरू होणारं एक फोल्डर दिसेल. मॅकमिलन यांच्या कंपनीचं नाव होतं मॅकमिलन एंटरप्रायझेस इन्कॉर्पोरेटेड. तीच अक्षरं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका माणसाची सही तासगावच्या दुकानात रोज रात्री उमटत होती आणि मामांना किंवा मला पत्ताही नव्हता.

ॲन्टिव्हायरस का चिडला, तेही आता कळेल. अनोळखी एक्झी, पोटात दाबून भरलेलं सामान, सुरू होताच टेंपमध्ये फाइली टाकते. व्हायरस लिहिणारेही हेच साधन वापरतात, आणि पुढची छोटी एक्झी सगळ्यांची सारखीच. त्यांच्या पापात माझी स्क्रिप्ट भरडली गेली.

आणखी एक गैरसमज. एक्झी केली की कोड लपतो असं पुष्कळांना वाटतं. ड्रॉपबॉक्सचं कॉम्प्युटरवरचं ॲप असंच पायथन गोठवून बनवलेलं होतं, वर त्यांनी बाइटकोडचे आकडेही बदलून ठेवले होते. तरी २०१३ मध्ये दोन संशोधकांनी ते उलगडून दाखवलं. डबा बंद असतो, त्याला कुलूप नसतं.

आणि बंद डब्यातलं शिळंही होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली. जे प्रोग्राम सिस्टिमची लायब्ररी वापरत होते, त्यांचं काम एका अपडेटमध्ये झालं. ज्यांनी ती लायब्ररी स्वतःच्या पोटात भरली होती, त्यांना आपापला डबा पुन्हा भरून पुन्हा वाटावा लागला. कोणाकडे विसंबून राहायचं नाही, याचा दुसरा अर्थ असा की आता कोणी आपोआप मदतीलाही येणार नाही.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. मामांनी शिकवलं.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ठिबक आणि तुषार सिंचनाच्या साहित्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सकाळी साडेदहाला मामांचा फोन.

"तुझं ते अजून बाराच धरतंय रं. बिलात पाच, तुझ्या शीटमध्ये बारा. रोजच्या हिशोबात फरक यायला लागलाय."

धरणारच. मी २०२१ मध्ये तो आकडा थेट कोडमध्ये लिहिला होता आणि कोड एक्झीच्या पोटात बंद. म्हटलं सोपं आहे, आकडा बदलतो, पुन्हा बांधतो, पाठवतो. आणि मग आठवलं. तो लॅपटॉप २०२३ मध्ये गेला, एसएसडीसकट. स्क्रिप्ट गिटवर टाकलेली नव्हती. हसा, हसा. बीटेक झालेला, रोज कामावर लोकांना बॅकअपचं शहाणपण शिकवणारा इंजिनिअर, आणि मामांचा प्रोग्राम जगात एकाच ठिकाणी शिल्लक: मामांच्या डेस्कटॉपवर.

मग मी तेच केलं जे ते संशोधक करतात. मामांकडून एक्झी मागवली आणि माझाच डबा मीच फोडला. यासाठी तयार साधनं आहेत. आधी पोटातलं सामान वेगळं केलं, मग बाइटकोडवरून पायथनचा कोड परत मिळवला. पायथन ३.८ जुनं असल्याचा इथे उपयोगच झाला, उलगडणारी साधनं त्याला सरावलेली आहेत. रात्री अकरापर्यंत कोड समोर आला. व्हेरिएबलची नावंसुद्धा मीच दिलेली, जशीच्या तशी.

एकच गोष्ट आली नाही. माझ्या कमेंट. कोडमध्ये आपण माणसासाठी ज्या टिपा लिहितो, त्या बाइटकोडमध्ये जातच नाहीत. मशीनला त्यांची गरज नसते.

आणि नेमकं एका ओळीवर अडलो. मालाचा कोड ९९ ने सुरू होत असेल तर सोडून द्या, असं मीच लिहिलं होतं. का? चार वर्षांनी मला काही आठवेना. ती ओळ ठेवायची की काढायची? कर बदलताना तिथे काही चुकलं तर मामांचा स्टॉक चुकणार. अर्धा तास डोकं खाजवलं आणि शेवटी फोन लावला.

मामा झोपेत होते. पण उत्तर तयार.

"आरं, नव्व्याण्णव म्हंजे कंपनीला परत धाडायचा माल. तो आपल्या स्टॉकात धरायचा नसतो. तुला तवा सांगितलं होतं की मी."

सांगितलं होतं खरं. मी कमेंटमध्ये लिहूनही ठेवलं असणार. इंटरप्रिटर आत गेला, मॉड्यूलं गेली, डीएलएल गेल्या, मॅकमिलन यांच्या कंपनीची अक्षरंसुद्धा गेली. मामांचं वाक्य तेवढं बाहेर राहिलं.

त्या रात्री नवी एक्झी बांधली. या वेळी तीन गोष्टी केल्या, आणि तुम्ही कोणासाठी असा प्रोग्राम बांधत असाल तर तुम्हालाही सांगतो. एक, कराचे दर कोडमधून काढून एक्झीशेजारच्या साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवले. पुढच्या वेळी मामा ते नोटपॅडमध्ये स्वतः बदलतील, नोटपॅड त्यांना येतंच, आपण बघितलंय. दोन, मूळ स्क्रिप्ट कमेंटसकट एक्झीच्या पोटात डेटा म्हणून भरून टाकली, म्हणजे डबा फोडायची वेळ आली तर कृतीचा कागदही आत सापडेल. तीन, हो बाबा, गिटवर टाकली.

आता डेनो, नोड, बन या जावास्क्रिप्टच्या मंडळींनीही गेल्या काही वर्षांत एका फाइलीत प्रोग्राम बांधायची सोय दिली आहे. साधनं येत राहतील. तुम्ही बांधलेली एखादी फाइल कुठल्या तरी दुकानात, दवाखान्यात, शाळेत आजही चालू असेल. या आठवड्यात एकदा तिची मूळ स्क्रिप्ट कुठे आहे ते बघून घ्या. आणि तिच्यातली एखादी ओळ का लिहिली होती ते आठवत नसेल, तर ज्यांच्यासाठी लिहिली त्यांना फोन करा. फक्त रात्री अकरानंतर नको.

भेटू पुढच्या भागात.